लेसरचा चटका बसण्याआधी

तुळशीची लग्नं लागली की मुहूर्तांचा हंगाम सुरू होतो, आणि त्याच्या कितीतरी आधीपासून शहरांतल्या स्किन क्लिनिकांत ‘ब्रायडल पॅकेज’ची गर्दी असते. काखेतले, हातापायांवरचे, ओठांवरचे केस लेसरने काढायचे, चेहऱ्यावरचे डाग उजळायचे, मुरमांचे खड्डे भरायचे. यात वावगं काही नाही. पीसीओएस या हार्मोन्सच्या विकारामुळे हनुवटीवर राठ केस उगवणाऱ्या मुलीला लेसरने जो मोकळेपणा मिळतो, त्याला चैन म्हणणं अन्यायाचं होईल. पण तीच मुलगी हनुवटीवर फोड घेऊन घरी येते, महिन्याभरात तिथे काळा पट्टा उठतो आणि केसांऐवजी आता डाग झाकण्यासाठी तिला ओढणी वर ओढावी लागते, तेव्हा वाईट वाटतं आणि रागही येतो. कारण हे बहुतेक वेळा टाळता आलं असतं.

लेसरने भाजणार की नाही, हे पुष्कळदा यंत्र अंगाला लागण्याआधीच ठरलेलं असतं. यंत्र कोणतं आहे, त्यावर ऊर्जा किती ठेवली आहे, ते कोणाच्या हातात आहे आणि त्या दिवशी तुमची त्वचा किती रापलेली आहे, या चार गोष्टींवर सगळं अवलंबून असतं. पैसे भरण्याआधी या चारही गोष्टी विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. कसं विचारायचं आणि उत्तर काय यायला हवं, ते या लेखात सांगते.

सावळ्या त्वचेला धोका जास्त का

केस काढण्याच्या लेसरमागचं तत्त्व अमेरिकेतल्या रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश या डॉक्टरांनी 1983 मध्ये मांडलं. ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश केसातलं मेलॅनिन हे रंगद्रव्य शोषून घेतं, त्याची उष्णता होते आणि ती केसाच्या मुळापर्यंत पोचून मूळ निकामी करते. उन्हात काळं कापड पांढऱ्यापेक्षा लवकर तापतं, तसाच हा प्रकार. अडचण इतकीच की मेलॅनिन फक्त केसात नसतं, त्वचेच्या वरच्या थरातही असतं. गोऱ्यापान कातडीवर काळा केस असेल तर प्रकाश नेमका केसावर जातो. आपल्याकडे मात्र केस काळा आणि त्वचाही सावळी, म्हणून उष्णता दोन्हीकडे वाटली जाते आणि त्वचा भाजते.

हार्वर्डचे त्वचारोगतज्ज्ञ थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी 1975 मध्ये उन्हाने त्वचा भाजते की रापते, यावरून त्वचेची वर्गवारी केली. पुढे तिचे सहा प्रकार झाले. आपल्यापैकी बहुतेक जण चौथ्या-पाचव्या प्रकारात मोडतात, काही तिसऱ्यात. चांगला डॉक्टर पहिल्याच भेटीत तुमचा प्रकार ठरवतो आणि कागदावर लिहितो. ज्या ठिकाणी हा प्रश्नच निघत नाही आणि थेट पॅकेजचे दर सांगायला सुरुवात होते, तिथून उठून आलात तरी चालेल.

आता यंत्राबद्दल. अलेक्झांड्राइट लेसरची तरंगलांबी 755 नॅनोमीटर, डायोडची साधारण 800 ते 810, आणि एनडी-यागची 1064. तरंगलांबी जितकी जास्त तितका प्रकाश खोल जातो आणि त्वचेतलं मेलॅनिन तो कमी शोषतं. म्हणून गडद त्वचेसाठी 1064चा लाँग-पल्स एनडी-याग सगळ्यांत सुरक्षित मानला जातो. जाणत्या हातात डायोडही आपल्या त्वचेवर चांगलं काम करतो. अलेक्झांड्राइटच्या बाबतीत सावळ्या त्वचेला फार जपावं लागतं. हल्ली तिन्ही तरंगलांबी एकाच हँडपीसमध्ये देणारी यंत्रं आली आहेत आणि त्यांची जाहिरातही जोरात असते. त्यातला 755चा भाग तुमच्या त्वचेला कितपत सोसवेल, हे नक्की विचारा.

आयपीएल हा तर लेसरच नाही. त्यात एकाच वेळी अनेक तरंगलांबींचा प्रकाश एकत्र सुटतो आणि तो मुख्यतः फिल्टर लावून आवरायचा असतो. पार्लरमध्ये कमी पैशात ‘लेसर’ म्हणून जे केलं जातं, ते पुष्कळदा आयपीएल असतं. ऑनलाइन मिळणारी घरगुती यंत्रंही बहुतेक याच जातीची. त्यांच्या खोक्यावर त्वचेच्या रंगांचा तक्ता छापलेला असतो आणि गडद रंगांवर फुली असते. ती फुली गंभीरपणे घ्या.

यंत्र योग्य असलं तरी चटका बसू शकतो. ऊर्जेची मात्रा जास्त ठेवली, प्रकाशाचा झोत गरजेपेक्षा आखूड ठेवला, एकाच जागी दोनदा मारला किंवा थंडावा देणारी यंत्रणा नीट चालली नाही, तर कातडी भाजते. आणखी एक साधी गोष्ट आहे, तिच्याकडे फारसं कोणी लक्ष देत नाही. हँडपीसच्या टोकाच्या काचेवर जळलेल्या केसांची काजळी आणि जेलचा राप साचला, तर ती काजळीच तापते आणि चौकोनी ठसा उठवते. काम चालू असताना टोक वारंवार पुसलं जातंय ना, हे तुम्ही पाहू शकता. पुसलं जात नसेल तर सांगा, त्यात भिडेचं काही कारण नाही.

हात कोणाचा

‘आमचं मशीन एफडीए अप्रूव्ड आहे’ हे वाक्य तुम्हाला हमखास ऐकायला मिळेल. ते खरं असलं तरी त्यातून फक्त यंत्राबद्दल कळतं. ते चालवणाऱ्याबद्दल काहीच कळत नाही. अमेरिकेतल्या न्यायालयीन दाव्यांचा एक अभ्यास 2014 मध्ये ‘जामा डर्मटॉलॉजी’ या नियतकालिकात आला होता. लेसरने केस काढताना झालेल्या इजांवरून 2004 ते 2012 या काळात जे दावे झाले, त्यांतल्या सुमारे तीन चतुर्थांश दाव्यांत यंत्र डॉक्टरांच्या हाती नव्हतंच. प्रत्यक्षात असे उपचार बिगर-डॉक्टरांकडून होण्याचं प्रमाण तिथे साधारण एक तृतीयांश होतं. म्हणजे इजेचा वाटा कामाच्या वाट्यापेक्षा दुपटीहून जास्त.

आपल्याकडे दारावर डॉक्टरांच्या नावाची पाटी असते. आत गेल्यावर आधी ‘काउन्सेलर’ भेटते, म्हणजे पॅकेज विकणारी. मग यंत्र चालवायला येते एखादी टेक्निशियन, बहुधा दर वेळी वेगळी. या मुलींना दोष देण्यात अर्थ नाही, त्यांना थोडंफार शिकवून कामाला लावलेलं असतं. पण तुमच्या त्वचेचा प्रकार, तुमची औषधं, मागच्या वेळी काय झालं हे पाहून सेटिंग ठरवणं हे त्वचारोगतज्ज्ञाचं काम आहे. एमडी, डीएनबी किंवा डीडीव्हीएल ही त्वचारोगातली पदवी-पदविका आहे का, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक काय आणि उपचार चालू असताना डॉक्टर त्या इमारतीत हजर असतील का, हे तीन प्रश्न पहिल्याच भेटीत विचारा. ‘कॉस्मेटॉलॉजिस्ट’ या पाटीवरून यांतलं काहीच कळत नाही.

थोडं परखड वाटेल, पण ग्राहकाचंही एक चुकतं. ‘मागच्या वेळी काही झालंच नाही, यंदा जरा वाढवून मारा, पैसे वसूल झाले पाहिजेत,’ असा आग्रह अनेकजणी धरतात. लेसरचा परिणाम दिसायला, म्हणजे केस गळायला, दोन-तीन आठवडे लागतात. एका वेळी वाढीच्या अवस्थेत असलेल्या केसांवरच लेसर चालतो, म्हणून महिना-दीड महिन्याच्या अंतराने सहा ते आठ बैठका लागतात. पांढऱ्या केसांत मेलॅनिन नसल्याने त्यांवर तो चालतच नाही. आणि ‘कायमची सुटका’ असं कोणी म्हणत असेल तर सावध राहा. अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासनसुद्धा या यंत्रांना केस कायमचे ‘कमी करणारी’ एवढंच म्हणू देतं.

काय सांगायचं, काय टाळायचं

कोकणात चार दिवस समुद्रावर काढून आलात, विसर्जनाच्या मिरवणुकीत दिवसभर उन्हात होतात किंवा रोज दुचाकीवरून भर दुपारी प्रवास होतो, तर त्वचेत नेहमीपेक्षा जास्त मेलॅनिन साठलेलं असतं. मागच्या महिन्यात सोसलेली ऊर्जा या महिन्यात भाजू शकते. रापलेली त्वचा पूर्ववत व्हायला साधारण चार आठवडे द्या. दर बैठकीला ‘मधल्या काळात उन्हात गेला होतात का’ हा प्रश्न यायलाच हवा. आला नाही तर तुम्हीच सांगा.

मेंदीचा रंग पूर्ण उतरल्याशिवाय त्या हातावर लेसर करू नये, हे नवरीच्या बहिणी आणि मैत्रिणींनीही लक्षात ठेवावं. गोंदणावर किंवा टॅटूवर केस काढण्याचा लेसर कधीच मारायचा नसतो, शाई ती सगळी उष्णता शोषून घेते आणि भाजणं खोलवर जातं. ज्येष्ठ बायकांच्या हातांवर, हनुवटीवर जुनं गोंदण असतं आणि ते इतकं अंगवळणी पडलेलं असतं की सांगायचंच राहून जातं. मोठे काळे तीळ झाकून घ्यावेत. भुवया किंवा ओठ रंगवून घेतले असतील तर तेही सांगा. त्या रंगातल्या लोहाच्या किंवा टायटॅनियमच्या संयुगांवर लेसर पडला तर रंग क्षणात काळा पडू शकतो.

बैठकीआधी दाढीच्या ब्लेडने केस काढावे लागतात. वॅक्सिंग किंवा थ्रेडिंग नको, कारण मूळच उपटलं तर लेसरला लक्ष्यच उरत नाही. आणि केस न काढता गेलात तर पृष्ठभागावरचे केस तिथेच जळून कातडी पोळते. डिओडरंट, मेकअप, तेल काहीही लावून जाऊ नका.

औषधांपैकी मुरमांसाठी घेत असलेलं आयसोट्रेटिनॉइन किंवा डॉक्सिसायक्लिन, रेटिनॉलची क्रीम आणि औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेली ‘गोरेपणाची’ क्रीम आवर्जून सांगा. या शेवटच्या प्रकारात अनेकदा स्टिरॉइड असतं. वर्षानुवर्षं ते लावून पातळ आणि हळवी झालेली त्वचा लेसरला सामोरी जाऊ शकत नाही. व्रण फुगून जाड होण्याची प्रवृत्ती, ओठांवर वारंवार येणारी हर्पिसची पुरळ, अंगावर कोड, गर्भारपण, यांपैकी काही असेल तर डॉक्टर निर्णय बदलतात. कोड पसरत असताना झालेल्या जखमेच्या जागी नवा डाग उमटू शकतो, म्हणून ही माहिती लपवू नका.

चाचणी झोत म्हणजे टेस्ट पॅच. जिथे उपचार करायचा त्याच भागातल्या, सहज न दिसणाऱ्या जागी एक-दोन झोत मारून पाहायचे आणि थांबायचं. फोड येणार असेल तर दोन दिवसांत येतो. पण सावळ्या त्वचेवर काळा डाग उमटायला वेळ लागतो, म्हणून आठवडा-दोन आठवडे थांबलेलं बरं. ‘आजच बुक केलंत तर सवलत’ या दडपणाखाली चाचणी टळते.

भूल देणाऱ्या क्रीमबद्दल वेगळं सांगायला हवं. लिडोकेनचं क्रीम मोठ्या भागावर जाड थापून वर प्लास्टिक गुंडाळलं तर औषध रक्तात इतकं शोषलं जातं की झटके येतात, हृदयाचे ठोके बिघडतात. अमेरिकेत लेसरआधी पायांवर असं क्रीम लावून प्लास्टिक गुंडाळलेल्या दोन तरुण स्त्रियांचा मृत्यू झाला होता. 2007 मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने त्याबद्दल जाहीर इशारा दिला. घरून क्रीम लावून जाणं, तेही दोन्ही पायांवर, अजिबात नको. शिवाय वेदना हीच भाजण्याची पहिली सूचना असते, ती बधिर केली तर कोणालाच काही कळत नाही. रबर ताणून सोडल्यासारखा क्षणिक चटका अपेक्षित असतो. झोत गेल्यावरही आग कमी होत नसेल, तर ‘थांबा’ म्हणा. ‘थोडं सहन करा ताई’ हे ऐकून दात-ओठ खाऊन पडून राहण्याची सवय आपल्या बायकांना लहानपणापासून लावलेली असते. इथे सोसू नका.

डोळ्यांच्या जवळ, विशेषतः भुवयांखाली, केस काढण्याचा लेसर करूच नये. पापणी मिटली की बुबुळ वर सरकतं, आणि पापणीतून आरपार गेलेला प्रकाश डोळ्यातलं रंगद्रव्य शोषून घेतं. यातून दृष्टीला कायमची इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. बाकी चेहऱ्यासाठीही डोळ्यांवर पूर्ण बंद चष्मा हवा, ओला कापूस पुरत नाही.

चेहऱ्याच्या इतर लेसरांबद्दल थोडक्यात. मुरमांच्या खड्ड्यांसाठीचा फ्रॅक्शनल सीओटू लेसर मुद्दाम बारीक जखमा करतो, त्यामुळे आपल्या त्वचेवर नंतर काळं पडण्याची शक्यता बरीच असते. तो करायचा तर लग्नाच्या तोंडावर नक्कीच नको. वांगासाठी जे ‘लेसर टोनिंग’ होतं, त्यात वांग परत येणं नेहमीचं आहे. बैठकांमागून बैठका घेत राहिलं तर तांदळाच्या दाण्याएवढे पांढरे ठिपके उठतात आणि ते जायला फार वेळ लागतो. माझं मत विचाराल तर वांगाला आधी सनस्क्रीन आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालची क्रीम हाच मार्ग. लेसर सगळ्यांत शेवटी, तोही जपून.

एक दुष्परिणाम असा की आधी सांगितला नसेल तर बाईला वेड लागायची पाळी येते. चेहऱ्यावर आणि मानेवर लेसरनंतर केस कमी होण्याऐवजी कधीकधी वाढतात. सावळ्या त्वचेच्या आणि पीसीओएस असलेल्या स्त्रियांत हे जास्त दिसतं. म्हणून हनुवटीसाठी लेसर घेणाऱ्यांनी हार्मोन्सची तपासणी आणि उपचार सोबत करावेत.

भाजलंच तर

लेसरनंतर प्रत्येक केसाच्या मुळाशी बारीक सूज आणि गुलाबीपणा येतो, थोडी चुरचुर होते. काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत ती जाते. त्याउलट त्वचा लगेच करडी किंवा पांढरट पडली, चौकोनी किंवा पट्ट्यांसारखे ठसे उठले, पाण्याचे फोड आले किंवा तपकिरी खपली धरली, तर ते भाजणं आहे. ‘होतं असं, दोन दिवसांत जाईल’ हे उत्तर त्यासाठी पुरेसं नाही.

सगळ्यांत आधी नळाचं गार वाहतं पाणी, पूर्ण 20 मिनिटं. शक्य तर क्लिनिकमध्येच. पहिल्या तीन तासांत केव्हाही केलं तरी उपयोग होतो. बर्फ थेट लावायचा नाही, त्याने इजा वाढते. हळद, तूप, टूथपेस्ट, शाई, कुंडीतून तोडलेली कोरफड यांतलं काहीही नको, कारण भाजलेल्या कातडीतून संसर्ग आत शिरतो आणि हळदीच्या रंगाखाली डॉक्टरांना जखम नीट दिसतही नाही. फोड फोडू नका. स्वच्छ, न चिकटणाऱ्या पट्टीने सैल झाका, सुती सैल कपडे घाला आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. ज्या क्लिनिकमध्ये भाजलं तिथल्या उत्तराने समाधान झालं नाही तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जा. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत त्वचाविभागाची ओपीडी असते आणि तिथे खर्चही थोडा येतो. चेहरा, डोळ्यांचा भाग किंवा जननेंद्रियाजवळ भाजलं असेल, ताप आला, पू धरला किंवा वेदना वाढत गेल्या, तर वाट पाहायची नाही.

जखम भरल्यावर दोन-चार आठवड्यांत काळेपणा दिसू लागतो. इथे बायका सगळ्यांत जास्त घाबरतात आणि मग सगळ्यांत मोठी चूक होते. कोणीतरी सुचवलेलं उजळवणारं क्रीम लावलं जातं किंवा डाग घालवायला पुन्हा लेसर केला जातो. हा काळेपणा बहुतेकींचा काही महिन्यांत फिका होतो, कधी वर्षही लागतं. त्याला ऊन लागू न देणं हा अर्धा उपचार आहे. जखम पूर्ण बंद झाल्यावर किमान एसपीएफ 30चं सनस्क्रीन, दर दोन-तीन तासांनी. लोह-ऑक्साइड असलेलं, त्वचेच्या रंगाचं सनस्क्रीन आपल्या त्वचेला अधिक उपयोगी पडतं.

पांढरा डाग उरला तर दुखणं वेगळंच होतं. नातेवाईक ‘कोड आलं का’ म्हणून कुजबुजतात, जमलेल्या लग्नात प्रश्न निघतात. भाजल्याने रंगपेशींना इजा झाली की तेवढी जागा पांढरी राहते, तो कोडाचा आजार नसतो. पुष्कळदा रंग हळूहळू परत येतो, नाहीच आला तर त्यावर उपचार आहेत. शंका असेल तर त्वचारोगतज्ज्ञाकडून लेखी निदान घ्या. आणि घरच्यांनो, त्या मुलीला ‘कशाला नसते उद्योग केलेस’ असं कृपा करून म्हणू नका. तिने पैसे देऊन सेवा घेतली होती आणि ती सेवा सदोष निघाली.

म्हणूनच कागद महत्त्वाचे. प्रत्येक बैठकीनंतर यंत्राचं नाव, तरंगलांबी, ऊर्जेची मात्रा आणि झोताचा कालावधी कार्डावर लिहून मागा. संमतिपत्र बहुधा इंग्रजीत छापलेलं असतं आणि घाईघाईत सही घेतली जाते. ते मराठीतून समजावून घेतल्याशिवाय सही करू नका. संमतीआधी उपचाराचं स्वरूप, पर्याय आणि धोके समजावून सांगणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये समीरा कोहली खटल्यात स्पष्ट केलं आहे. सही केली म्हणजे निष्काळजीपणा माफ झाला, असं होत नाही.

पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हा निर्णयही सर्वोच्च न्यायालयाचाच, 1995 मधला. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही जिथे राहता किंवा काम करता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, ऑनलाइनही करता येते, आणि वकील देणं सक्तीचं नाही. सेवेसाठी भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. सल्ल्यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. नोंदणीकृत डॉक्टरांविरुद्ध महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडेही दाद मागता येते. ग्राहक आयोगातली मुदत घटनेपासून दोन वर्षांची असते, तेव्हा डाग जाण्याची वाट पाहत ती निघून जाऊ देऊ नका. पावती, कार्ड, व्हॉट्सअ‍ॅपवरचे निरोप आणि तारखेसह काढलेले जखमेचे फोटो पहिल्या दिवसापासून जपून ठेवा.